पाहण्याजोगे कुतूहलजनक व्हिडिओ: कोणते निवडावेत आणि कसे पारखावेत

प्रश्न असा आहे: इंटरनेटवर मनोरंजक आणि विस्मयकारक म्हणवणाऱ्या व्हिडिओंना तोटा नाही, मग त्यांतले खरोखर पाहण्याजोगे कोणते, ते शोधावेत कसे, आणि समोर दिसते ते खरे की बनावट हे सामान्य प्रेक्षकाने ओळखावे कसे? व्हिडिओंचे संकलन करणे आणि दुसऱ्यांनी चित्रित केलेले फुटेज तपासणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की हे तिन्ही प्रश्न मुळात एकच आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. जी गोष्ट उघड्या डोळ्यांना एरवी कधीच दिसली नसती ती जो व्हिडिओ दाखवतो, आणि ती कशी टिपली हे लपवत नाही, तो पाहण्याजोगा. नुसता दचकवणारा व्हिडिओ पहिल्यांदा कितीही रंजक वाटला तरी त्याच्याकडे कोणी परत वळत नाही. चांगला व्हिडिओ संपला की तो लगेच पुन्हा लावावासा वाटतो, कारण पहिल्या वेळी काहीतरी निसटले आहे याची जाणीव तोच करून देतो.

काळाचा वेग बदलून दाखवणारे व्हिडिओ हा यातला सर्वांत जुना आणि आजही सर्वांत संपन्न प्रकार आहे. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ मध्ये ओळीने मांडलेल्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने, भरधाव घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात हे दाखवून दिले. १८९४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एतिएन-ज्यूल मारे यांनी, उताणी धरून सोडलेली मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर कशी उतरते याची चित्रमालिका प्रसिद्ध केली. ती चित्रे जोडून केलेला काही सेकंदांचा व्हिडिओ आज सहज मिळतो आणि तो मी प्रत्येकाला आवर्जून पाहायला सांगतो, कारण त्यात भौतिकशास्त्राचे एक अस्सल कोडे आहे. सुटताना जिला जराही फिरकी नव्हती ती मांजर कशाचाही आधार न घेता वळते कशी? एकेक चित्र थांबवून पाहिले की उत्तर उलगडत जाते. मांजर कमरेत वाकते, पुढचे पाय छातीशी घेऊन शरीराचा पुढचा भाग आधी वळवते. त्या वेळी मागचे पाय लांब ताणलेले असल्यामुळे मागचा भाग उलट दिशेला अगदी थोडाच फिरतो. मग पुढचे पाय पसरून आणि मागचे आखडून हीच क्रिया ती मागच्या भागासाठी करते. एकूण फिरकी शून्यच राहते, तरीही मांजर सुलटी होते. इतक्या थोड्या चित्रांत इतके काही सांगणारे फुटेज मी फार कमी पाहिले आहे.

आजच्या अतिवेगवान कॅमेऱ्यांनी या प्रकाराला नवे क्षेत्र मिळवून दिले. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात सोडला की लांब शेपटीचा एक काचमणी तयार होतो. त्याला 'प्रिन्स रूपर्टचा थेंब' म्हणतात. त्याच्या जाड डोक्यावर हातोडी मारली तरी ते फुटत नाही, मात्र बारीक शेपूट नखाएवढी मोडली तरी सगळ्या थेंबाचा क्षणात भुगा होतो. कारण असे की पाण्याला लागून असलेला बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतली काच नंतर थंड होऊन आकसू पाहते आणि बाहेरच्या थराला आत खेचते. त्यामुळे पृष्ठभाग प्रचंड दाबाखाली आणि गाभा ताणाखाली राहतो. शेपटीतून तडा एकदा त्या ताणलेल्या गाभ्यात शिरला की तो डोक्याकडे सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. डेस्टिन सँडलिन यांनी 'स्मार्टर एव्हरी डे' या आपल्या चॅनेलवर २०१३ मध्ये हे दृश्य सेकंदाला १,३०,००० फ्रेम या वेगाने टिपून दाखवले. एवढा वेग असूनही एका फ्रेमपासून पुढच्या फ्रेमपर्यंत तडा सेंटिमीटरभराहून थोडा जास्त सरकलेला असतो, म्हणजे संपूर्ण थेंब मोजक्या फ्रेममध्येच संपतो. अशा ठिकाणी व्हिडिओ थांबवून फ्रेमगणिक पुढे जावे. संगणकावरच्या बहुतेक प्लेअरमध्ये त्यासाठी कळ असते आणि यूट्यूबवर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबली की एक फ्रेम पुढे जाते. ही एक सवय लावून घेतली तरी पाहण्याची सारी रीत बदलते.

येथे एक इशारा द्यायला हवा. स्लो मोशन म्हणून फिरणारे पुष्कळ व्हिडिओ मुळात साध्या वेगाने, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेमने टिपलेले असतात, आणि मधल्या न टिपलेल्या फ्रेम संगणकाने अंदाजाने भरलेल्या असतात. ते ओळखण्यासाठी एकमेकांना ओलांडणाऱ्या वस्तूंच्या कडा पाहाव्यात. पळत्या माणसाचे हात धडासमोरून जाताना कडेला कापड विरघळल्यासारखे दिसते, सायकलच्या चाकाच्या तारा जागेवरच लवतात, पाण्याचे उडणारे थेंब एका जागी विरून दुसऱ्या जागी उगवतात. खऱ्या अतिवेगवान चित्रणात थेंब शेवटपर्यंत तोच थेंब राहतो. याउलट, प्रत्यक्षात एकाच घटनेचे नसलेले चित्रणही पूर्ण प्रामाणिक असू शकते. रमेश रासकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एमआयटी या अमेरिकेतील तंत्रज्ञान संस्थेत २०११ साली प्रकाशाचा एक स्पंद प्लास्टिकच्या बाटलीतून सरकताना दाखवला. त्याला सेकंदाला एक हजार अब्ज, म्हणजे एकावर बारा शून्ये, इतक्या फ्रेमच्या तोडीचे चित्रण म्हणता येते. तो एकाच स्पंदाचा प्रवास नव्हता. तोच प्रयोग असंख्य वेळा करून मिळालेल्या नोंदी जोडून ते दृश्य तयार झाले होते, आणि संशोधकांनी हे स्वतःच स्पष्ट सांगितले होते. जोडणी करण्यात काहीच गैर नाही. ती सांगितली आहे की नाही, एवढेच पाहायचे असते.

दुसऱ्या टोकाला काळ आवळून दाखवणारे व्हिडिओ आहेत, आणि त्यांत माझ्या मते सर्वांत विलक्षण आहे तो डांबराचा थेंब. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये तापवून पातळ केलेले डांबर काचेच्या नरसाळ्यात ओतले, ते स्थिरावू दिले आणि १९३० मध्ये नरसाळ्याचे तोंड कापून मोकळे केले. हातोडीने फोडले तर हे डांबर काचेसारखे तडकते, पण ते द्रवच आहे, आणि पाण्याहून सुमारे २३० अब्ज पट चिकट आहे. पहिला थेंब सुटायला १९३८ उजाडले. २०१४ पर्यंत जेमतेम नऊ थेंब पडले. पार्नेल यांच्यानंतर हा प्रयोग अनेक दशके सांभाळणारे जॉन मेनस्टोन यांना थेंब प्रत्यक्ष सुटताना एकदाही पाहता आले नाही. १९८८ मध्ये ते काहीतरी पिण्यासाठी काही मिनिटे बाहेर गेले आणि तेवढ्यात थेंब पडला. २००० मध्ये लावून ठेवलेला कॅमेरा ऐन वेळी बंद पडला. थेंब सुटण्याचा क्षण शेवटी टिपला गेला तो डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये, १९४४ पासून चाललेल्या अशाच दुसऱ्या प्रयोगात, ११ जुलै २०१३ रोजी. पुढच्याच महिन्यात मेनस्टोन यांचे निधन झाले. डब्लिनची ती टाइमलॅप्स केवळ काही सेकंदांची आहे. ती पाहताना मानेचा दोरा बारीक बारीक होत जातो आणि थेंब तळाशी टेकून कलतो. ज्याला मागची हकिगत ठाऊक आहे त्याच्यासाठी या काही सेकंदांचे वजन वेगळेच असते. म्हणून माझा नेहमीचा आग्रह असतो की असे व्हिडिओ पाहण्याआधी त्यांचा इतिहास दोन मिनिटे वाचावा.

प्रयोगशाळेतील प्रात्यक्षिकांचे व्हिडिओ बहुधा साधे, भपका नसलेले असतात आणि त्यामुळे शोधयादीत खाली राहतात, पण उत्तमोत्तम गोष्टी तिथेच सापडतात. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक विभागाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला लंबकांच्या लाटेचा व्हिडिओ घ्या. एका ओळीत पंधरा लंबक आहेत. सर्वांत लांब लंबक साठ सेकंदांत ५१ आंदोलने करतो, त्याच्या शेजारचा ५२, आणि असे एकेक वाढत सर्वांत आखूड लंबक ६५. एकत्र सोडल्यावर आधी सापासारखी लाट दिसते, मग ती मोडून गोंधळ माजल्यासारखा वाटतो. विसाव्या सेकंदाला मात्र लंबकांचे तीन गट आपोआप पडतात, तिसाव्या सेकंदाला एकाआड एक लंबक परस्परविरुद्ध टोकांना असतात, आणि साठाव्या सेकंदाला सगळे पुन्हा एका रेषेत येतात. यात काहीही जादू नाही. ५१ ला तीनने भागले तर १७ येतात, ५२ ला भागले तर १७ आणि एक तृतीयांश, हा शाळेतला भागाकारच डोळ्यांसमोर हलत असतो. घड्याळ शेजारी ठेवून हा व्हिडिओ पाहावा आणि विसावा सेकंद येण्याआधी मुलांना काय होईल ते सांगायला लावावे.

याच्याच जोडीने आणखी एक प्रात्यक्षिक पाहावे, कारण ते खरे असूनही हमखास बनावट वाटते. एकात एक बसवलेल्या दोन पारदर्शक नळकांड्यांच्या मध्ये दाट पाक भरलेला असतो, त्यात रंगीत पाकाचे तीन थेंब सोडतात आणि आतले नळकांडे हळूहळू काही फेरे फिरवतात. थेंब ताणले जाऊन पार मिसळून गेल्यासारखे दिसतात. मग नळकांडे तितकेच फेरे उलट फिरवले की थेंब जसेच्या तसे परत जमतात. पाहणारा म्हणतो, व्हिडिओ उलटा चालवला आहे. तसे नाही. इतक्या दाट द्रवात आणि इतक्या मंद गतीला जडत्वाचा परिणाम जवळजवळ उरतच नाही. प्रत्येक थर जितका पुढे सरकला तितकाच मागे येतो. खरेपणाचा पुरावा थेंबांच्या कडांवर आहे: परत आलेल्या थेंबांची कड आधीपेक्षा किंचित पुसट असते, कारण रेणूंचे पसरणे मात्र उलटवता येत नाही. व्हिडिओ उलटा चालवला असता तर कडा शेवटी आधीइतक्याच रेखीव दिसल्या असत्या. इतक्या बारीक खुणेवरून खऱ्याखोट्याचा निवाडा करता येतो, हेच या व्हिडिओचे मोठे आकर्षण आहे.

जिथे आपण जाऊ शकत नाही अशा ठिकाणांचे व्हिडिओ निवडताना मी संशोधन संस्थांच्या स्वतःच्या वाहिन्यांना प्राधान्य देतो. खोल समुद्रातले चित्रण तर जवळजवळ सगळे त्यांचेच असते. कॅलिफोर्नियातील मॉन्टरे बे ॲक्वेरियम रिसर्च इन्स्टिट्यूटने दाखवलेला पारदर्शक डोक्याचा मासा, मॅक्रोपिना, हा माझ्या दृष्टीने या प्रकारातला मेरुमणी आहे. हा मासा १९३९ पासून शास्त्रज्ञांना माहीत होता, परंतु जाळ्यातून वर आणताना त्याच्या डोक्यावरचे नाजूक पारदर्शक कवच फाटून जात असे, त्यामुळे ते आहे हेच कोणाला ठाऊक नव्हते. दूरनियंत्रित पाणबुडीने तो त्याच्या घरात, ६०० ते ८०० मीटर खोलीवर, जिवंत टिपला तेव्हा कळले की कवचाच्या आत दिसणारे दोन हिरवे घुमट हेच त्याचे डोळे आहेत आणि ते वरून समोर वळू शकतात. तोंडाच्या वर जे डोळ्यांसारखे दिसते ती वास घेण्याची इंद्रिये आहेत. ज्या प्रेक्षकाने चेहरा ओळखण्याची घाई केली त्याला दुसऱ्यांदा पाहावेच लागते. याच संस्थेसारखे काम करणाऱ्या 'नॉटिलस' या संशोधन नौकेच्या थेट प्रक्षेपणात एप्रिल २०१५ मध्ये मेक्सिकोच्या आखातात सुमारे ६०० मीटर खोलीवर एक स्पर्म व्हेल पाणबुडीभोवती येऊन घिरट्या घालू लागला. त्या फुटेजवर पार्श्वसंगीत नाही. नियंत्रण कक्षातील संशोधकांचे आवाज आहेत, त्यांचा थक्क झालेला श्वास आहे, आणि 'प्रकाश थोडा इकडे घ्या' अशा धाटणीचे कामाचे बोलणे आहे. संगीत घातलेली आवृत्तीही कोठे ना कोठे मिळते, पण मूळ आवाजाचीच पाहावी. तसेच शमिट ओशन इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यालगत चित्रित केलेली सायफोनोफोरची, म्हणजे जेलीफिशच्या नात्यातल्या दोरीसारख्या सागरी जिवाची, भलीमोठी वेटोळी आहेत. त्यांतल्या बाहेरच्या वेढ्याची लांबीच अंदाजे ४७ मीटर भरली.

अंतराळातले फुटेज तांत्रिकदृष्ट्या अनेकदा धूसर असते, आणि तरीही ते टाळू नये. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभे राहून एका हातातून १.३२ किलोचा हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचे पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही एकदमच खाली पडले. चित्र पुसट आहे, पीस नीट शोधावे लागते, पण निर्वात जागी सगळ्या वस्तू सारख्याच वेगाने पडतात हे ऐकून माहीत असणे आणि पीस दगडासारखे पडताना पाहणे यांत फरक आहे. हेच दृश्य स्वच्छ पाहायचे असेल तर भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन कॉक्स यांनी २०१४ मध्ये बीबीसीसाठी नासाच्या ओहायोतील अवाढव्य निर्वात कक्षात केलेला बोलिंगचा चेंडू आणि पिसे यांचा प्रयोग पाहावा. दोन्ही पाठोपाठ पाहिले तर अधिक चांगले. अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांनी २०१३ मध्ये अंतराळ स्थानकात ओला रुमाल पिळून दाखवला, तो प्रयोग दोन शाळकरी मुलींनी सुचवला होता; पिळलेले पाणी खाली न पडता रुमालाभोवती नळीसारखे जमते आणि हळूच हातांवर चढते. आणि १९८५ मध्ये सॅल्यूट ७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकावर अंतराळवीर व्लादिमिर झानिबेकोव्ह यांच्या लक्षात आलेली ती पंखांची चाकी: बोल्टवरून सुटून गरगरत पुढे जाते आणि ठरावीक अंतराने स्वतःहून उलटते, पुन्हा सुलटते, पुन्हा उलटते. वस्तूच्या तीन अक्षांपैकी मधल्या अक्षाभोवतीचे फिरणे अस्थिर असते, हे त्याचे कारण. रबरबँडने बांधलेले पुस्तक मधल्या अक्षाभोवती फिरवत वर उडवले तर हातात परत येताना ते अर्धे वळलेले असते, हे कोणालाही लगेच करून पाहता येईल.

खरे आणि बनावट यांच्या मध्ये एक तिसरा वर्गही आहे, ज्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही: कॅमेऱ्याने निर्माण केलेले विस्मय. पाते स्थिर असूनही हेलिकॉप्टर हवेत उचलले जाते असा व्हिडिओ पाहून लोक तो खोटा ठरवतात, पण तो खरा असतो. पात्यांची गती आणि कॅमेऱ्याच्या फ्रेमची गती जुळली की प्रत्येक फ्रेममध्ये पाती एकसारख्याच ठिकाणी सापडतात. गिटारच्या आतून काढलेल्या व्हिडिओत तारा पाण्यावरच्या तरंगांसारख्या वळवळताना दिसतात, त्या मात्र तशा वळवळत नसतात. फोनचा कॅमेरा चित्र एकाच क्षणी न घेता ओळीमागून ओळ असे वाचतो, आणि तेवढ्या वेळात तार जागची हलते. त्यामुळे निरनिराळ्या क्षणांची तार एकाच चित्रात उमटते. दोन्ही व्हिडिओ रंजक आहेत, दोन्ही खरे आहेत, पण ते ज्याविषयी सांगतात ती गोष्ट तार किंवा पाते नसून कॅमेरा आहे.

आता उघड बनावटीकडे वळतो. डिसेंबर २०१२ मध्ये उद्यानात खेळणाऱ्या लहान मुलाला गरुड झडप घालून उचलतो असा एक व्हिडिओ जगभर पसरला. तो माँट्रियल येथील ॲनिमेशनच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बनवला होता. गरुडही संगणकावर घडवलेला आणि हवेत उचलले गेलेले मूलही. त्या विद्यार्थ्यांच्या संस्थेने दुसऱ्याच दिवशी ते जाहीर केले, परंतु त्याआधीच लोकांनी फ्रेमगणिक तपासून सावल्यांमधली विसंगती दाखवून दिली होती. सावली, प्रतिबिंब आणि वजन या तीन गोष्टी बनावटीत सर्वांत आधी चुकत असत. उचललेल्या वस्तूचे वजन उचलणाऱ्याच्या शरीरावर दिसते का, पाय टेकल्यावर गवत दबते का, हे पाहण्याची सवय अजूनही उपयोगी आहे. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेल्या व्हिडिओंमध्ये या खुणा महिन्यागणिक पुसट होत चालल्या आहेत, आणि बोटे मोजून किंवा पापण्यांची उघडझाप पाहून खोटे पकडता येईल या भरवशावर कोणी राहू नये. आज खात्रीचा मार्ग एकच उरला आहे, तो म्हणजे मूळ शोधणे: हा व्हिडिओ सर्वप्रथम कोणी टाकला, कधी टाकला, त्या व्यक्तीने त्याआधी काय टाकले होते, आणि याच घटनेचे दुसऱ्या कोनातून घेतलेले चित्रण आहे का. एखाद्या अचाट घटनेच्या वेळी आसपास माणसे दिसत असूनही तिचा एकच व्हिडिओ उपलब्ध असेल, तर मी तो बाजूला ठेवतो. नेमक्या क्षणापूर्वीचे आणि नंतरचे दहा सेकंद कापलेले असतील तरीही.

वन्यजीवांच्या व्हिडिओंत बनावट अधिक सूक्ष्म असते. १९५८ च्या एका पुरस्कारप्राप्त निसर्गपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून समुद्रात उड्या टाकून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले गेले. पुढे तपासात निष्पन्न झाले की ते प्राणी दुसऱ्या प्रांतातून आणलेले होते आणि त्यांना कड्यावरून ढकलले गेले होते. लेमिंग आत्महत्या करतात हा समज त्या दृश्याने इतका पक्का केला की तो आजही ऐकू येतो. याच्याशी कोणतीही तुलना होऊ शकत नाही अशा, पण तरीही सांगायला हव्यात अशा गोष्टी सुंदर फुटेजमध्येही असतात. डेव्हिड ॲटनबरो यांच्या १९९८ च्या पक्ष्यांवरील मालिकेतला, कॅमेऱ्याच्या शटरची आणि यांत्रिक करवतीची हुबेहूब नक्कल करणारा लायरबर्ड हा ऑस्ट्रेलियातील पक्षी कोट्यवधी लोकांनी पाहिला आहे. नक्कल पूर्णपणे अस्सल आहे. फक्त त्या दृश्यातले दोन पक्षी पिंजऱ्यातले, माणसांच्या सहवासातले होते, हे तिथे सांगितलेले नाही. त्यामुळे रानातला प्रत्येक लायरबर्ड करवतीचे आवाज काढतो असा समज झाला. रानातले बहुतेक लायरबर्ड प्रामुख्याने इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करतात, आणि ती ऐकण्याजोगी तितकीच विलक्षण आहे. हा व्हिडिओ अवश्य पाहावा, एवढी माहिती सोबत ठेवून.

जुन्या काळच्या फुटेजचा उल्लेख केल्याशिवाय उत्तर पूर्ण होणार नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या मार्केट स्ट्रीटवरून धावणाऱ्या केबल कारच्या पुढच्या टोकाला कॅमेरा बसवून माइल्स बंधूंनी घेतलेली सुमारे तेरा मिनिटांची फिल्म ही माझ्या मते इंटरनेटवर उपलब्ध असलेली सर्वांत श्रीमंत तेरा मिनिटे आहेत. घोडागाड्या, मोटारी, सायकली आणि पायी चालणारे लोक एकमेकांना कापत जातात, कोणी कोणाला वाट देत नाही, मुले मुद्दाम रुळांसमोरून पळतात. ही फिल्म दीर्घ काळ १९०५ ची मानली जात होती. चित्रपट-इतिहासकार डेव्हिड कीन यांनी मोटारींच्या नंबरपाट्यांच्या नोंदी, रस्त्यावरची पाण्याची डबकी आणि वृत्तपत्रांतले हवामानाचे अहवाल ताडून दाखवले की ती एप्रिल १९०६ मधली, म्हणजे १८ एप्रिलच्या भूकंपाने आणि आगीने ते शहर उद्ध्वस्त होण्याच्या काही दिवस आधीची आहे. फिल्म आगीच्या आदल्याच दिवशी न्यूयॉर्कला रवाना झाल्यामुळे वाचली. नीट पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट दिसते: काही मोटारी पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोरून जातात, म्हणजे रस्ता गजबजलेला दिसावा म्हणून त्या फिरवलेल्या होत्या. या फिल्मच्या रंगीत, गुळगुळीत गतीच्या आणि आवाज घातलेल्या आवृत्त्या हल्ली अधिक पाहिल्या जातात. त्यांतले रंग हा संगणकाचा अंदाज आहे, मधल्या फ्रेम अंदाज आहेत आणि आवाज तर पूर्णपणे नंतर घातलेले आहेत. अशी आवृत्ती पाहायला माझी हरकत नाही. परंतु आधी मूळ कृष्णधवल फिल्म पाहावी, कारण चेहऱ्यांवरचे बारीक तपशील पुष्कळदा त्यातच टिकलेले असतात आणि संगणक चेहरे गुळगुळीत करताना नेमके तेच पुसतो.

हस्तकौशल्याच्या व्हिडिओंविषयी थोडक्यात सांगतो. जॉन प्लांट यांचे 'प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी' हे २०१५ पासून चाललेले चॅनेल उत्तम आहे: ऑस्ट्रेलियाच्या रानात, कोणतेही आधुनिक हत्यार न वापरता, एक शब्दही न बोलता ते मातीची भट्टी, कौले, भाते बनवतात. व्हिडिओवरची सबटायटलची सोय सुरू केली की प्रत्येक कृतीचे स्पष्टीकरण वाचायला मिळते, हे अनेकांना माहीत नसते. त्यांच्या यशानंतर हातांनी तलाव आणि महाल खोदल्याचा आव आणणाऱ्या नकला पुष्कळ निघाल्या. त्यांत खोदलेली माती कुठे गेली ते कधीच दिसत नाही.

शोधण्याची रीत मी अशी सुचवेन. 'अद्भुत व्हिडिओ' असे शब्द टाकून काहीच हाती लागत नाही. घटनेचे किंवा उपकरणाचे नाव आणि विद्यापीठाचे किंवा संग्रहालयाचे नाव असे मिळून शोधावे. संकलित व्हिडिओत एखादा तुकडा आवडला तर तिथेच न थांबता त्या तुकड्याचे मूळ गाठावे, कारण संकलन करणारे बहुधा सुरुवात, शेवट आणि आवाज काढून टाकतात. पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी आणि वेग वाढवून पाहू नये. ज्याचा जीव काळाच्या मापात आहे तो दीडपट वेगाने पाहणे म्हणजे तो न पाहणेच. शीर्षक आणि खालचे वर्णन शक्य तर नंतर वाचावे. डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्रीस या मानसशास्त्रज्ञांच्या १९९९ च्या प्रयोगातला चेंडूफेकीचा व्हिडिओ तर काहीही न वाचताच पाहायला हवा: पांढरे कपडे घातलेले खेळाडू चेंडू किती वेळा देतात तेवढे मोजा, बाकी मी काही सांगत नाही. एवढेच नमूद करतो की मूळ प्रयोगात जवळपास निम्म्या लोकांना त्यातली सर्वांत मोठी गोष्ट दिसली नव्हती.

यातून सुरुवात कोठून करावी असे विचाराल तर क्रम असा ठेवा: आधी मारे यांची मांजर, मग लंबकांची लाट, मग परत जमणारे थेंब. तिन्ही मिळून दहा मिनिटेही लागत नाहीत आणि तिन्ही थांबवून, मागे नेऊन, मोजून पाहता येतात. त्यानंतर एखाद्या निवांत संध्याकाळी मार्केट स्ट्रीटची मूळ फिल्म मोठ्या पडद्यावर, आवाज पूर्ण बंद करून लावा, आणि पहिल्या खेपेला फक्त डावीकडचा पदपथ पाहा.